जुन्या घरातून नव्या घराकडे : आजरा परिसरातील कुटुंबाच्या गृहनिवडीचा विचार

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या त्रयीत निवारा शेवटी उच्चारला जातो. परंतु पगारदार कुटुंबाच्या आर्थिक आयुष्यात त्याहून मोठा व्यवहार सहसा दुसरा होत नाही. पहिले घर बहुधा वारशाने येते, भाड्याने मिळते किंवा नोकरीच्या प्रारंभी हाताशी असेल तेवढ्या पैशात उभे राहते. त्यात निवडीला फारसा वाव नसतो. दुसरे घर मात्र निवडले जाते. मुले मोठी झालेली असतात, आई-वडील थकलेले असतात, वेतन स्थिरावलेले असते आणि 'आता मोठे घर हवे' हा विषय घरात वारंवार निघू लागतो. महाविद्यालयीन अध्यापकाच्या आयुष्यात ही वेळ साधारणतः चाळिशी ते पन्नाशीच्या दरम्यान येते.

या निवडीत एक दोष सर्रास आढळतो. कुटुंब नवे घर शोधते ते जुन्या घराच्या उणिवांवरून. जुन्या घरात खोल्या कमी होत्या म्हणून नव्या घरात खोल्या मोजल्या जातात. जुन्या घरासमोर चारचाकी उभी राहत नव्हती म्हणून नव्या घरापुढील रस्ता पाहिला जातो. जुन्या घराने विनातक्रार जे पुरवले ते मात्र कोणी मोजत नाही, कारण ते कधी मागावेच लागलेले नसते. स्थलांतर झाल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात किंवा पहिल्या उन्हाळ्यात त्याची आठवण होते. आजरा तालुक्याचा भूगोल, येथील मिळकतींची कागदपत्रे आणि येथील कुटुंबरचना ध्यानात घेऊन या निवडीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुने घर काय देत होते?

आजरा परिसरातील जुने घर जांभ्या दगडाचे अथवा मातीच्या भिंतींचे, लाकडी तुळयांचे आणि उतरत्या कौलारू छपराचे असते. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर व त्यापलीकडे परडे, अशी त्याची साधारण रचना. आधुनिक दृष्टीला हे घर अंधारे व गैरसोयीचे वाटते आणि ती टीका बऱ्याच अंशी रास्तही आहे. घराबाहेरील न्हाणी व शौचालय, धुराने काळवंडलेल्या भिंती, दरवर्षी कौले परतण्याचा खर्च यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तो त्रास मुख्यतः घरातील स्त्रियांनी सोसलेला आहे.

तथापि या घराचा प्रत्येक भाग काही काम करीत होता. सोप्यावर वृद्ध माणूस दिवसभर बसू शके आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी त्याचे बोलणे होई. माजघरात भाताची साठवण होई. आजरा घनसाळ या तांदळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तो सुगंधी तांदूळ वर्षभर कीड न लागता ठेवण्यासाठी कोरडी, अंधारी जागा लागते, हे सदनिकेच्या आराखड्यात कोठे दिसत नाही. परड्यात सरपण, वाळवण, चार भाजीचे वेल आणि कित्येक घरांत एखादे दुभते जनावर असे. ज्या अध्यापकाच्या घरी आजही थोडी शेती आहे, त्याला भाताची पोती, शेतीची अवजारे आणि सुगीच्या दिवसांतील माणसांचा राबता यांना जागा द्यावीच लागते. चार खोल्यांचे सुबक घर घेऊन भाताची पोती दिवाणखान्यात रचावी लागल्याचे दृश्य आपल्या भागात दुर्मीळ नाही.

म्हणून घरे पाहण्यास निघण्यापूर्वी जुन्या घरातील एका आठवड्याची नोंद करावी. कोण कोठे बसते, कोण कोठे झोपते, कपडे कोठे वाळतात, पाहुणे आल्यावर कोणाची जागा जाते, मुलगी अभ्यास कोठे करते, या साध्या नोंदींतून कुटुंबाची खरी गरज समजते. ही नोंद घरातील कर्त्या पुरुषाने एकट्याने करू नये. स्वयंपाकघराचा विषय निघाला की बहुतेक कर्त्यांचे ज्ञान ओट्याच्या रंगाशी संपते.

जुने घर कोणाचे?

नव्या घराचे अंदाजपत्रक मांडताना 'जुने घर विकून इतके येतील' असा एक आकडा धरला जातो. आपल्या भागात हाच आकडा सर्वाधिक फसवा ठरतो. याचे कारण बाजारभावात नसून मालकीत आहे.

आजरा, भुदरगड, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांतील एक तरी भाऊ मुंबईस गेला. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत, कोणी खाणावळीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काही कुटुंबे गावी परतली, काही मुंबईतच राहिली. मात्र गावच्या घरात सर्वांचा हिस्सा कायम राहिला. गणपतीला व शिमग्याला येणारा मुंबईकर चुलता किंवा त्याची मुले त्या घराचे सहहिस्सेदार असतात. घराची देखभाल करणाऱ्यास आपणच मालक असल्याचा भास होतो. दुरुस्तीचा खर्च त्याने केलेला असतो, घरपट्टी तो भरत असतो. पण त्यामुळे इतरांचा हिस्सा संपत नाही.

दुसरा प्रश्न बहिणींचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद म्हणून स्थान दिले. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियमाने विवाहित-अविवाहित हा भेद उरू दिला नाही. २००५ पूर्वी वडील वारले असल्यास मुलीस हा हक्क मिळतो का, याविषयी बरीच वर्षे संदिग्धता होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ती दूर केली : हा हक्क मुलीला जन्मतः मिळतो आणि २००५ मध्ये वडील हयात असणे ही त्याची अट नव्हे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहतात.

व्यवहारात बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नातलगाच्या लाभात होणाऱ्या अशा दस्तास मुद्रांक शुल्क नाममात्र आहे आणि दस्त नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. कायदेशीर प्रक्रिया एवढीच. परंतु ज्या सहजतेने ही सही मागितली जाते तिच्याविषयी प्रस्तुत लेखकास आक्षेप आहे. 'माहेर तुटेल' या भीतीपोटी बहीण सही करते आणि त्या सहीच्या बळावर भावाच्या नव्या घराचा पाया भरला जातो. बहीण स्वेच्छेने हक्क सोडीत असेल तर तो तिचा अधिकार आहे. मात्र तिच्या हिश्शाची किंमत किती हे तिला आधी आकड्यात सांगितले पाहिजे, आणि काही रक्कम देण्याचे ठरले असल्यास ती दस्तातच लिहिली पाहिजे. मूल्यशिक्षणाचे तास घेणाऱ्या वर्गाकडून एवढी अपेक्षा गैर नाही.

तिसरा मुद्दा पुराव्याचा. गावठाणातील घराचा कागद म्हणून बहुतेक जण ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे करतात. हा उतारा कर आकारणीच्या नोंदवहीतील आहे. त्यावर नाव असणे म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद. मालकीचा तो निर्णायक पुरावा नव्हे. ज्या गावठाणांची नगर भूमापन चौकशी झाली आहे तेथे मिळकत पत्रिका मिळते. जेथे ती झाली नव्हती तेथे ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम राज्यात सुरू झाले आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर केली. बँका तारण म्हणून मिळकत पत्रिकेचा विचार अधिक सहजपणे करतात. तेव्हा जुने घर विकावयाचे असो वा त्याच जागी नवे बांधावयाचे असो, वारस नोंद पूर्ण करून मिळकत पत्रिका आपल्या व सहहिस्सेदारांच्या नावे अद्ययावत करणे हे पहिले काम होय. हे काम सहा महिने घेते असे गृहीत धरावे. मुंबईचा एक हिस्सेदार सहीस आला नाही तर त्याहून अधिक.

जुन्याच जागी नवे घर बांधणे हा पर्याय अलीकडे दुर्लक्षिला जातो, तो अकारण. गावठाणातील घरांच्या भिंती अनेकदा शेजाऱ्याशी सामाईक असतात. भिंत पाडण्यापूर्वी चतुःसीमा व भिंतीची मालकी लेखी निश्चित न केल्यास वीटकामाऐवजी दाव्याचा खर्च सुरू होतो. हा अडथळा ओलांडता आला तर शेजार, पाणी, बाजार व वृद्धांची ओळखीची वाट यांपैकी काहीही गमवावे लागत नाही.

नवी जागा आणि तिचे कागद

संकेश्वर–बांदा राष्ट्रीय महामार्ग आजऱ्यातून जातो. आजरा ग्रामपंचायतीचे रूपांतर नगरपंचायतीत झाल्यानंतर शहराच्या कडेची शेते प्लॉटच्या भाषेत बोलू लागली आहेत. येथे खरेदीदाराने काही गोष्टी कसोशीने पाहिल्या पाहिजेत.

शेतजमिनीतून एक-दोन गुंठे तोडून नोटरीपुढे केलेल्या साठेखतावर विकणे हा प्रकार जुना आहे. जमिनीचे तुकडे पडू नयेत यासाठी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०१७ पासून शासनाने अशा पूर्वीच्या व्यवहारांना शुल्क भरून नियमाधीन करण्याची वाट दिली आणि पुढे सवलतीही वाढविल्या. त्यामुळे 'सगळे नंतर कायदेशीर होते' अशी समजूत पसरली. ती घातक आहे. सवलत ठरावीक मुदतीतील व ठरावीक क्षेत्रातील व्यवहारांसाठी असते; उद्याच्या खरेदीचा तो परवाना नव्हे. शिवाय जो स्वतः शेतकरी नाही त्याला १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यान्वये शेतजमीन परवानगीवाचून विकतच घेता येत नाही. साठेखत व मुखत्यारपत्र यांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात पुनश्च स्पष्ट केले आहे. मालकी देते ते नोंदणीकृत खरेदीखत.

सातबारावर 'भोगवटादार वर्ग-२' असा शेरा असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी सामान्यतः या वर्गात मोडतात. इनाम व देवस्थान जमिनींचे निर्बंध त्याहून कडक आहेत. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात धरणेही आहेत, देवस्थाने व जुनी वतनेही आहेत. म्हणून हा शेरा येथे विशेष काळजीने पाहावा. सातबारा संगणकावर क्षणात मिळतो. परंतु त्यामागील फेरफार वाचल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. तीस वर्षांचे फेरफार काढून वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा. तलाठी कार्यालयात (आता ग्राम महसूल अधिकारी कार्यालयात) दोन फेऱ्या मारण्याचा कंटाळा पुढील दोन दशकांच्या शांततेपुढे क्षुल्लक आहे. बिनशेती परवानगीचे नियम गेल्या दशकात अनेकदा सुलभ झाले असले, तरी मंजूर रेखांकन व बांधकाम परवानगी यांची आवश्यकता उरतेच. महामार्गालगतच्या प्लॉटबाबत रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर मोकळे सोडावयाचे हे लेखी विचारून घ्यावे, अन्यथा अंगणाचे पैसे देऊन रस्ता विकत घेतल्यासारखे होते.

पाऊस व पाणी

आजऱ्यास घर घ्यावयाचे असेल तर ते दोनदा पाहावे : एकदा आषाढात आणि एकदा वैशाखात. दलाल मंडळी दिवाळीनंतर घरे दाखवितात, त्या वेळी प्रत्येक घर चांगले असते.

आषाढात पाहावयाचे ते असे. पश्चिमेकडील भिंतीला आतून ओल येते का, प्लॉटच्या वरच्या बाजूचे पाणी कोणत्या वाटेने खाली उतरते, सपाट स्लॅबवर पाणी तुंबते का आणि पायवाट निसरडी होते का. सह्याद्रीच्या उतारावरील या पावसात सपाट स्लॅब एकटा टिकत नाही, म्हणून आपल्याकडे स्लॅबवर पुन्हा पत्र्याचे छप्पर चढविलेली घरे ठायी ठायी दिसतात. हा खर्च प्रारंभीच अंदाजपत्रकात धरावा किंवा सरळ उतरते छप्पर निवडावे. भिंतीबाहेर दोन-अडीच फूट आलेली पाखी ही जुन्या घराची शोभा नव्हती, भिंतीचे संरक्षण होते. नव्या घरांच्या आराखड्यांतून ती सर्वप्रथम वगळली जाते. नदी-ओढ्यालगतच्या जागेस पूररेषा लागू होते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या शक्यतेवर आखली जाते. कोल्हापुरात २००५, २०१९ व २०२१ अशा सोळा वर्षांत तीन महापूर आले, हे ध्यानात घेता 'शंभर वर्षांतून' या शब्दांवर फार विसंबू नये.

वैशाखात पाहावयाचे ते पाणी. जांभ्याची जमीन पाणी पटकन मुरविते आणि पटकन सोडूनही देते. पावसाळ्यात काठोकाठ असलेल्या विहिरीचा तळ मे महिन्यात दिसू शकतो. नळाला पाणी किती वेळ येते, ते उंचावरील घरापर्यंत चढते का, शेजारच्या कूपनलिका कोणत्या महिन्यात आटतात, हे विक्रेत्यास विचारण्यापेक्षा शेजारच्या गृहिणीस विचारावे. (तालुक्याच्या पश्चिम भागात रानाच्या कडेला निवांत घर घेण्याचा विचार असेल तर रानहत्तींविषयीही तिलाच विचारावे.)

पैशाचा क्रम

आधी जुने विकावे की आधी नवे घ्यावे, याचे उत्तर आपल्या भागापुरते स्पष्ट आहे. गावठाणातील घराला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही आणि मिळाले तरी सह्यांना वेळ लागतो. म्हणून जुन्या घराचे पैसे येतीलच असे धरून नव्या घराचा विसार देऊ नये. जुन्या घराच्या पैशाशिवाय जे घर परवडते तेच आपले घर, असे मानून चालावे.

कर्जाचा कालावधी वयाने ठरतो. महाविद्यालयीन अध्यापक सामान्यतः साठाव्या वर्षी निवृत्त होतो. वीस लाख रुपयांचे कर्ज, उदाहरणादाखल ९ टक्के दराने, वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो व एकूण सुमारे ४३ लाख १९ हजार रुपये फेडावे लागतात. तेच कर्ज पंधरा वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २०,२८५ रुपये व एकूण फेड सुमारे ३६ लाख ५१ हजार. महिन्याच्या २,२९० रुपयांच्या वाढीत साडेसहा लाखांहून अधिक वाचतात. पंचेचाळिसाव्या वर्षी कर्ज घेणाऱ्याने वीस वर्षांच्या हप्त्याची सोय पाहू नये, कारण शेवटची पाच वर्षे वेतनाविना जातील. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना सामान्यतः जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही, त्यांनी तर हे अधिकच जपावे. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेस दंड आकारता येत नाही. वेतन आयोगाची थकबाकी मोटारीऐवजी कर्जखात्यात भरण्याचे धैर्य दाखविल्यास कालावधी वेगाने घटतो.

बँक तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्यापुढे पंच्याहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के रक्कम देऊ शकते. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क (एक टक्का, कमाल ३०,००० रुपये), वकील, पत्रे, कूपनलिका आणि कुंपण यांचा भार स्वतःच उचलावा लागतो. खरेदी घरातील स्त्रीच्या नावे केल्यास निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून मिळते. सवलतीपेक्षाही तिचे नाव कागदावर येते हे महत्त्वाचे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना यातील बरेचसे गणित लागूच पडत नाही, कारण खंडित मानधनावर बँक दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यास कचरते. समान पात्रतेच्या दोन अध्यापकांमधील हे अंतर वेतनापेक्षा घराच्या प्रश्नात अधिक उघडे पडते.

जुने घर विकून नफा झाल्यास प्राप्तिकराचा विचार येतो. तो नफा विक्रीनंतर दोन वर्षांत नवे घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात गुंतविल्यास त्या मर्यादेत कर माफ होतो. रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत वापरली गेली नाही तर भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. पिढीजात घरासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य आधारभूत धरता येते, त्याचा दाखला नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून घ्यावा. प्रत्येक हिस्सेदाराचा नफा त्याच्या नावे स्वतंत्रपणे मोजला जातो. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळेल या भरवशावर मात्र हप्ता ठरवू नये. नव्या कररचनेत स्वतः राहत्या घरासाठी ती मिळत नाही.

गडहिंग्लज, कोल्हापूर की आजरा?

मुलांच्या शिक्षणासाठी सुमारे वीस किलोमीटरवरील गडहिंग्लजला किंवा सुमारे ऐंशी किलोमीटरवरील कोल्हापुरात सदनिका घ्यावी, असा विचार बहुतेक अध्यापकांच्या मनात येतो. मूल अकरावीत असताना घेतलेल्या घरातून ते पाच-सहा वर्षांत पुण्यास किंवा त्याहून दूर जाते आणि हप्ते आणखी दहा वर्षे उरतात. तेवढ्या काळासाठी भाड्याचे घर पुरते की नाही, हे आधी कागदावर मांडून पाहावे. सदनिका घ्यावयाचीच झाल्यास प्रकल्प महारेराकडे नोंदणीकृत आहे का ते पाहावे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीस ही नोंदणी सक्तीची नाही, आणि तालुक्याच्या गावातील बहुतेक इमारती नेमक्या याच आकाराच्या असतात. तेथे १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याचाच आधार उरतो.

जुन्या इमारतीतील सदनिका घेताना जमीन संस्थेच्या नावे झाली आहे का हे विचारावे. विकासकाने अभिहस्तांतरण टाळले असल्यास संस्थेला मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. असा अर्ज झाला आहे का, उद्वाहनाची देखभाल कोण करते आणि तळमजल्यावरची सदनिका शिल्लक आहे का, हे तीन प्रश्न आई-वडिलांना सोबत नेऊनच विचारावेत, कारण पहिल्या मजल्यापर्यंतच्या अठरा पायऱ्या त्यांनाच चढावयाच्या आहेत.